भाकऱ्या

अजमानची औद्योगिक वस्ती, शेड क्रमांक एकोणीस.
मी फायबरचा कारागीर. आधी वेंगुर्ल्यात होड्यांना रेझिन फासायचो,
इथे सांगतील ते करतो: उंट, खजुराचं झाड,
एकदा तर माणूस आत झोपेल एवढी चहाची किटली.

मार्चमध्ये खल्फान आला.
फलजच्या रस्त्यावर त्याचं करक चहाचं दुकान व्हायचं होतं.
म्हणाला, छपरावर उडती तबकडी पाहिजे.
मी म्हटलं, नमुना?
तो हसला. नमुना कशाला, तुला माहीत आहे की.

आणि माहीत होतंच.
पेन्सिल कुठे अडली नाही.
दोन ताटं ओठाला ओठ लावून, वर अर्धा नारळ,
खाली तीन पाय, कडेने गोल खिडक्या, आत हिरवा उजेड.
मी कधी पाहिली होती? खल्फानने?
गावच्या व्हिडिओघरात, दोन रुपयांत,
ती दोऱ्याला लोंबत यायची. दोरा दिसायचा.
तरी आम्ही बाकाखाली.

हिशेबाच्या टेबलावरून सुगुणन म्हणाला,
पहिल्यांदा बोभाटा झाला तो एका वैमानिकामुळे. अमेरिकेत,
सत्तेचाळीस साली, आपल्याकडे झेंडा बदलायच्या दोनेक महिने आधी.
आकार त्याने भलताच सांगितला होता, एकीचा तर कोरीसारखा.
फक्त म्हणाला, पाण्यावर बशी भिरकावली की
ती कशी टप्पे खात जाते, तशा गेल्या.
बिचाऱ्याने चाल सांगितली.
छापणाऱ्यांनी बशी उचलली.
सिनेमावाल्यांनी तिच्यावर झाकण ठेवलं,
खेळणीवाल्यांनी पोटात सेल घातले,
आणि मग आभाळातूनही बश्याच यायला लागल्या,
आपण कसं दिसायचं ते खाली विचारून आल्यासारख्या.

मराठीत येता येता तिची तबकडी झाली.
पानसुपारीच्या तबकाची धाकटी, की गाण्याची,
कोण विचारतो.

मला हसू आलं ते वेगळंच.
खाडीवर आम्ही चपटी खापरी फेकून भाकऱ्या काढायचो.
माझ्या सात, फार तर आठ. जयवंताच्या अकरा.
तो वैमानिक आमच्या दाभोलीचा असता
तर म्हणाला असता, भाकरी जाते तशी गेली.
मग जगभर उडत्या भाकऱ्या.
खल्फानच्या छपरावर मी
एका बाजूने करपलेली, पापुद्रा सुटलेली बसवली असती,
आणि ती बघून कुणाच्या पोटात गोळा आला नसता,
भूक लागली असती.

शेरजमान घासकाम करतो.
दोन वर्षांपूर्वी लिवाच्या वाळूत टँकर नेताना
त्याला काहीतरी दिसलं होतं.
तेव्हा सांगायचा, उजेड. बस.
कुणी कंदील घेऊन धावावं तसा.
आमच्या तबकडीची कड घासता घासता
त्या उजेडाला कड आली.
खिडक्या कापल्या त्या दिवशी खिडक्या.
आतला दिवा लावून बघितला तेव्हा म्हणाला,
हिरवाच होता, कसम खुदा की.
खोटं बोलत नव्हता. डोळे पाहिले मी त्याचे,
भुकटीने लाल, आत लख्ख.
कंदील घेऊन धावणारा माणूस मात्र
तेव्हापासून त्याच्या गोष्टीत येत नाही.
मला तोच आवडायचा.

गुरुवारी रात्री ट्रेलरवर चढवली, दिवसा परवानगी नव्हती.
निळी ताडपत्री, चार पट्टे, पुढे फिरता पिवळा दिवा.
मागे पिकअपमध्ये मी.
मोठ्या रस्त्यावर गाड्या मंदावल्या, काचा उतरल्या, फोन निघाले.
एका मुलाने मागच्या काचेतून मला सलाम ठोकला.
मीही ठोकला. काय करणार.

फलजच्या वळणानंतर गतिरोधक आहेत, ओळीने.
ताडपत्रीचं एक टोक सुटलं
आणि ती काळोखात उचलत, टेकत, उचलत निघाली.
सवयीने मोजत गेलो.

नऊ.
जयवंताला दोन कमी.